हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस
श्वासावाटे वारंवार शरीरात जाणाऱ्या सेंद्रिय धुळीला प्रतिकारयंत्रणेने दिलेल्या अतिरेकी प्रतिसादातून होणारा फुप्फुसांचा दुर्मीळ दाहजन्य विकार. मुंबई, मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीत कबुतरांची विष्ठा व पिसे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण ठरते.

लक्षणे : तीव्र प्रकारात संपर्कानंतर काही तासांत ताप, कोरडा खोकला, धाप; जीर्ण प्रकारात जिना चढताना लागणारा दम हळूहळू वाढतो.

निदान : साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. एचआरसीटी या उच्च-विभेदन सीटी स्कॅनमध्ये दुधी काचेसारखी धूसरता, अस्पष्ट बारीक गाठी व हवा अडकलेले काळसर भाग दिसतात. जीर्ण अवस्थेत तंतुमयता आढळते.

आरोग्याच्या कारणास्तव मुंबई महापालिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला. अशा धुळीशी वेळीच संपर्क तोडणे हाच उपचाराचा पाया होय.