रॉकेट, राखीव जागा आणि बाबासाहेबांचे 1942 चे निवेदन

गगनयानाची तयारी चालू आहे. आधी माणसाविना उड्डाण, त्यात 'व्योममित्र' नावाची यंत्रमानव स्त्री, आणि मग हवाई दलाच्या वैमानिकांना घेऊन एलव्हीएम-3 रॉकेट श्रीहरिकोटाहून झेपावणार. अशा प्रत्येक प्रक्षेपणाच्या आधी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्र हमखास फिरते. एका बाजूला चंद्रावरचे यान, दुसऱ्या बाजूला गटारात उतरलेला माणूस. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरले त्या संध्याकाळी ते मीही पुढे पाठवले होते. 2013 चा कायदा असूनही माणसे गटारात उतरवली जातात आणि मरतात, तेव्हा ते चित्र खोटे आहे असे कुणी म्हणू शकत नाही.

पण त्या चित्राखाली आपली पोरे जे लिहितात ते मला खटकते. "आपल्याला काय करायचंय त्या रॉकेटशी?" माझे भांडण या एका वाक्याशी आहे. कारण बाबासाहेबांनी नेमके याच्या उलट सांगितले होते, आणि तेही भारताच्या भूमीवरून पहिले रॉकेट उडण्याच्या 21 वर्षे आधी.

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. 29 ऑक्टोबर 1942 ला त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन दिले. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या समग्र वाङ्मयाच्या दहाव्या खंडात ते आहे. नोकऱ्या आणि प्रतिनिधित्व यांबद्दलची त्यातली मागणी आपण भाषणांतून नेहमी सांगतो. शिक्षणाचा भाग मात्र आपण फारसा वाचत नाही. बाबासाहेब तिथे म्हणतात की कला आणि कायद्याचे शिक्षण अस्पृश्यांच्या फारसे कामाचे नाही, त्यांना खरा उपयोग होईल तो विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाचा. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहितो आहे, हे ध्यानात घ्या. हे शिक्षण आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे, म्हणून खर्च सरकारने करावा. विद्यापीठात विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला 2 लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी 1 लाख. आकडाही हवेतून काढलेला नव्हता. अलिगढ आणि बनारस या दोन विद्यापीठांना सरकार जेवढे अनुदान देते तेवढे आम्हालाही द्या, असा सरळ हिशेब होता. 1944-45 पासून सुरू झालेली पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती या झगड्यातून आली. आज ती वेळेवर मिळत नाही म्हणून समाजकल्याण कार्यालयात हेलपाटे घालणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा उगम माहीत करून घ्यावा.

गांधीवादावर टीका करताना त्यांनी 1945 मध्ये हीच भूमिका पुन्हा मांडली. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. चरख्याचे गोडवे गाणारे ते नव्हते. मग त्यांच्या अनुयायांनी रॉकेटकडे पाठ कशी फिरवायची?

हाच पेच आपल्याआधी अमेरिकेतल्या काळ्या चळवळीपुढे आला होता. अपोलो-11 च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, 15 जुलै 1969 ला, मार्टिन ल्यूथर किंगचे सहकारी रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनथी गरीब कुटुंबांना घेऊन, खेचरांच्या गाड्यांसह केनेडी अंतराळ केंद्रावर धडकले. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. भुकेल्यांआधी चंद्राला पैसा का, हा अ‍ॅबरनथींचा सवाल होता. पण त्यांनी उड्डाणाला शाप दिला नाही, उलट अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी ते प्रक्षेपण समोरून पाहिले. खेचराची गाडी दारात उभी करणे आणि आत बसायला जागा मागणे ही दोन्ही कामे त्या दोन दिवसांत झाली.

आता आपल्याकडे या. 21 नोव्हेंबर 1963 ला केरळमधल्या थुंब्याहून एक छोटे अमेरिकी नाइके-अपाची रॉकेट उडाले. जागा कोळ्यांच्या गावाची, कार्यालय त्यांच्या चर्चमध्ये. बिशपने गावकऱ्यांना विचारले आणि त्यांनी होकार दिला, ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. सायकलवरून नेलेल्या रॉकेटच्या भागाचा फोटोही सर्वांना ठाऊक आहे. श्रीहरिकोटाची गोष्ट मात्र तेवढी सांगितली जात नाही.

उपग्रह कक्षेत नेणाऱ्या मोठ्या रॉकेटांसाठी पूर्व किनारा हवा होता. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेला उडणाऱ्या रॉकेटला सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास वेग फुकट मिळतो, आणि खाली पडणारे भाग बंगालच्या उपसागरात जातात. 1969 मध्ये आंध्रातले, पुलिकत सरोवर आणि समुद्र यांच्या मधले श्रीहरिकोटा बेट निवडले गेले. 9 ऑक्टोबर 1971 ला तिथून पहिले रोहिणी रॉकेट सुटले. निवडीची कारणे देताना पुस्तकांत आणखी एक कारण असते: लोकवस्ती विरळ. ही विरळ वस्ती कुणाची? यानादी आदिवासींची. मासेमारी, शिकार, जंगलातले कंदमुळे-मध यावर जगणारी ही जमात. मद्रास शहराला जळाऊ लाकूड हवे म्हणून ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकातच हे बेट ताब्यात घेतले आणि यानादी आपल्याच जंगलात मजूर झाले. स्वतंत्र भारतात केंद्र आल्यावर त्यांना वस्त्या हलवाव्या लागल्या, जंगलावर कुंपण पडले, काहींना केंद्रात मोलमजुरी मिळाली. अंतराळ खात्याशी संबंधित मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यासही केला. म्हणजे ते दिसत नव्हते असे नाही. आज त्या बेटावरून उडणाऱ्या प्रत्येक उपग्रहाच्या खाली त्यांची जमीन आहे. बातम्यांत तुम्ही त्यांचे नाव कधी ऐकले?

जमीन दिली, कर भरला, मग प्रयोगशाळेत जागा किती? इथे 1975 हे साल महत्त्वाचे. त्या वर्षी जूनमध्ये, म्हणजे आणीबाणी लागली त्याच महिन्यात, केंद्राच्या कार्मिक विभागाने एक आदेश काढला. संशोधन करणे, संशोधनाचे नियोजन, मार्गदर्शन आणि संचालन यासाठी असलेली वैज्ञानिक व तांत्रिक पदे, गट अ मधल्या सर्वात खालच्या पायरीच्या वर असतील तर, आरक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवता येतील. आदेशाची रचना नीट बघा. दारात प्रवेश आहे. जिथे विषय ठरतात, पैसा वाटला जातो, कुणाचे नाव पुढे जाणार हे ठरते, त्या मजल्यावर राखीव जागा नाही. आणि मग त्याच मजल्याकडे बोट दाखवून सांगितले जाते की बघा, विज्ञानात जात नसते, फक्त गुणवत्ता असते. (इस्रोतल्या अभियंत्याच्या पहिल्या पदाचे नाव 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' आहे. तो एससी आपला नव्हे, हे नव्या मुलांना दरवेळी समजावावे लागते.)

त्याच वर्षी 1 ऑगस्टला दुसरी एक गोष्ट घडली, जी मला भारतीय अंतराळ कार्यक्रमातली सर्वात आपली वाटते. नासाचा एटीएस-6 हा उपग्रह एका वर्षासाठी भारताकडे वळवला गेला आणि 'साइट' हा दूरदर्शनचा प्रयोग सुरू झाला. आंध्र, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतली 2400 गावे. महाराष्ट्र त्यात नव्हता. मोठ्या शहरांबाहेर जेव्हा टीव्ही पोचलाच नव्हता, तेव्हा मागास जिल्ह्यांतल्या गावांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री उभी राहिली आणि शेती, आरोग्य, शाळा यांचे कार्यक्रम थेट आकाशातून उतरले. संच कुणाच्या घरात नाही, शाळेत किंवा पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी. जमणारा मोठा वर्ग गरीब आणि निरक्षर होता, ज्यांनी त्याआधी सिनेमा किंवा रेडिओही फारसा अनुभवला नव्हता. सवर्ण गल्लीतल्या ओट्यावरची पोथी ऐकायला ज्यांना लांब बसावे लागले, त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. 31 जुलै 1976 ला वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला. गुजरातेत खेडा जिल्ह्यात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने हे काम पुढे नेले. गावातल्या लोकांना बरोबर घेऊन, जातीच्या आणि मजुरीच्या पिळवणुकीवरही तिथे कार्यक्रम झाले. त्याला 1984 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पण पुढे आपल्या घराघरांवर छत्र्या आल्या तेव्हा त्यातून उतरले ते बाबा-बुवा आणि सासू-सुना. उपग्रह तोच. तो काय दाखवणार हे ठरवणाऱ्या खुर्चीत कोण, हा प्रश्न आहे.

उड्डाणाआधी यानाची छोटी प्रतिकृती तिरुपतीला नेण्याबद्दल थोडेच लिहितो, त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. पीएसएलव्ही-सी12 नंतर थेट सी14 उडाले, 13 आकडा गाळला गेला. संविधानाच्या कलम 51-क ने वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे आणि इथे शास्त्रज्ञ आकड्याला घाबरतात. पण मित्रांनो, या पूजेवर हसण्यात आपली सगळी ताकद जाते आणि 1975 च्या आदेशावर कुणी ओळही लिहीत नाही.

म्हणून पुढच्या प्रक्षेपणाला ते जुने चित्र पाठवाच, पण त्याबरोबर एक काम करा. अंतराळ विभागाला माहिती अधिकारात विचारा: वैज्ञानिक-अभियंत्यांच्या प्रत्येक श्रेणीत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी किती? 1975 च्या आदेशाखाली कोणकोणती पदे सोडली आहेत? श्रीहरिकोटातल्या यानादींपैकी किती जण कायम नोकरीत आहेत आणि कोणत्या पदावर? डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात बसून उत्तर टाळू शकते; इस्रो त्या यादीत नाही. अर्जाची फी 10 रुपये आहे.