दिवेलागणीचा तास

मुलाने रोज किती वेळ पडद्यासमोर बसावे, हा प्रश्न हल्ली पालकसभेत गणवेश आणि गृहपाठ यांच्याही आधी निघतो. पडदा टी. व्ही.चा असो, की मोबाइलचा. एक आई म्हणते, अर्धा तास. दुसरी म्हणते, जेवताना तेवढा. तिसरी काहीच न बोलता खाली पाहते. बापमंडळी सभेला थोडीच येतात, आणि येतात त्यांच्या हातात स्वतःचा फोन असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. मला कुणी विचारलेच, तर मी डॉक्टरांचे आकडे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला फार तर एक तास, त्यातही कमी तितके बरे. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांच्या आतली मर्यादा घातली आहे. आकडे ऐकून सभा माना डोलावते. अडचण आकड्याची नसतेच. तो तास रोज मोजायचा कुणी आणि संपला असे म्हणायचे कुणी, तिथे घोडे अडते.

आणि गंमत अशी, की हे मोजण्याचे काम आईबापांच्या गळ्यात पडले त्याला फार वर्षे झालेली नाहीत.

सिनेमाच्या काळात हा हिशेब तिकिटाच्या खिडकीवरच होऊन जाई. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हापासून पोरांना पडद्याचे वेड लागले खरे. पण ते वेड पुरवावयाला पैसे लागत, आणि पैसे वडिलांच्या खिशात असत. खेळ संपला की दिवे लागत आणि माणसे घरी जात. पडदा घरी येऊन बसला, तेव्हा खरा प्रश्न सुरू झाला.

इंग्लंडात तो आपल्या आधी आला. महायुद्धानंतर तिथे घरोघर टेलिव्हिजन शिरू लागला, त्या काळात एक चमत्कारिक नियम होता. मुलांचे कार्यक्रम संध्याकाळी सहाला संपत आणि मोठ्यांचे सातला सुरू होत. मधला तासभर पडदा कोराच राही. हेतू हा, की टेलिव्हिजन संपला असे समजून मुलांनी निमूटपणे अंथरुणात शिरावे. या तासाला लोक ‘टॉडलर्स ट्रूस’ म्हणत. आपण त्याला दुडदुडणाऱ्या पोरांचा तह म्हणू. आई त्या तहातली एक बाजू, पोर दुसरी, आणि मध्यस्थ कोण, तर बी. बी. सी.!

हा तह मोडला तो पोरांनी नव्हे. २२ सप्टेंबर १९५५ रोजी जाहिरातींवर चालणारी दुसरी वाहिनी सुरू झाली. पडदा बंद म्हणजे गल्ला बंद. बी. बी. सी.चे तसे नव्हते. तिला परवान्याच्या शुल्कातून पैसे मिळत, तेव्हा एक तास कमी दाखवला तर खर्चच वाचे. त्या वेळचे पोस्टमास्टर जनरल चार्ल्स हिल हे पेशाने डॉक्टर, आणि युद्धकाळात रेडिओवरून आरोग्याचा सल्ला देऊन घराघरांत ठाऊक झालेले. त्यांनी दोन्ही पक्षांना आपसांत तोडगा काढा म्हणून सांगितले. तो निघेना, तेव्हा त्यांनी नियमच काढून टाकला. त्यांचे म्हणणे असे, की मुलांना वेळेवर निजवणे हे आईबापांचे काम, सरकारचे नव्हे. बोलणे बिनतोड आहे. पण आईबापांच्या कर्तव्याची ही आठवण नेमकी गल्ला अडला तेव्हाच व्हावी, हे मला नोंदवून ठेवावेसे वाटते. १६ फेब्रुवारी १९५७, शनिवार. त्या संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी बी. बी. सी.ने तरुण पोरांसाठी गाण्यांचा एक धमाल कार्यक्रम सुरू केला, आणि तो कोरा तास इतिहासजमा झाला.

आपल्याकडे असा तह कुणी केला नाही. तो आपोआपच झाला होता. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली, ती आठवड्यातून दोन दिवस, आणि तीही थोडा वेळ. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्यात सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा होता. चार भाषांत त्याची वाटणी, म्हणजे एकेका मुलाच्या वाट्याला सुमारे २२ मिनिटे! आजच्या एखाद्या आईला हा आकडा सांगितला तर ती हात जोडील. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ पासून केंद्र होते. ‘किलबिल’ मुलांचे, शेतकऱ्यांचा कार्यक्रम शेतकऱ्यांचा, मग बातम्या. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. संच आधी लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले, तेव्हा मी पहिली-दुसरीत असेन. आळीत संच एकच होता. आम्ही पंधरावीस पोरे चपला बाहेर काढून काकूंच्या ओटीवर दाटीवाटीने बसत असू. काकूंनी संचाला हार घातलेला असे. भाग संपला, की त्या बटण फिरवून ‘चला रे, पळा आता घरी’ म्हणत, आणि आम्ही पळत असू. रडारड नाही, ‘आणखी पाच मिनिटे’ नाही. कारण पुढचा भाग पाहावयाला काकूंच्या हातातही नव्हता. तो रविवारपर्यंत यायचाच नव्हता. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा बेत नाही. आमचा तो संयम नव्हताच. ती टंचाई होती. परंतु टंचाईच्या आडोशाला आमच्या आयांची एक मोठी कटकट वाचली होती, हे खरे.

पुढचे सर्वांनी पाहिलेच आहे. १९९१ च्या आखाती युद्धाबरोबर गच्च्यांवर तबकड्या आल्या, १९९२ मध्ये झी आले, १९९५ मध्ये खास मुलांसाठी कार्टून नेटवर्क आले. तरीही घरात संच एकच असे, आणि रिमोटसाठी आजोबा, बाबा, मुले यांची जी भांडणे होत त्यांतच मुलांचा वेळ आपोआप कापला जाई. २०१६ पासून इंटरनेट मातीमोल झाले आणि तेही भांडण मिटले. ज्याचा त्याचा पडदा ज्याच्या त्याच्या हातात आला. मग मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली आणि शाळाच फोनमध्ये जाऊन बसली. पहिली ते चौथीच्या पोरांना वर्गाचे तोंड दिसायला डिसेंबर २०२१ उजाडला. ज्या आईने तोवर फोन कपाटात ठेवला होता, तिनेच तो काढून ‘बस अभ्यासाला’ म्हणून मुलाच्या हातात दिला. तिला आज बेजबाबदार म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. जे काम पूर्वी तिकिटाची खिडकी करी, प्रक्षेपण केंद्र करी, शेजारच्या काकू करीत, ते आता ती एकटी करते, आणि तेही स्वयंपाक करता करता.

सरकारांनाही हे जाणवू लागले आहे. चीनने सप्टेंबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठेवला. इतका करडा कारभार मला मानवत नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बान्शी गावाच्या ग्रामसभेने २०२२ साली अठराच्या आतल्या मुलांना मोबाइलबंदीच केली. बंदीचे एक असते : ती फक्त पोरांवर असते.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. तिथल्या लोकांनी त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून वेगळेच केले. टाळेबंदीनंतर शाळा भरल्या, पण पोरांचे लक्ष पुस्तकात लागेना, हे शिक्षक सांगत होते. तेव्हा रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजावा आणि गावातले टी. व्ही. आणि मोबाइल दीड तास बंद व्हावेत, असे ठरले. पोरांचे आणि मोठ्यांचेही. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा ताई दारोदार फिरून सांगू लागल्या. आधी लोक हसले. सातची वेळ म्हणजे मालिकांची वेळ. ती सोडणे बायकांना आणि पुरुषांनाही जड गेले असणार. पण पूर्वी याच वेळेला घरोघर ‘शुभंकरोती’ आणि पाढ्यांचा परवचा चाले, हे ज्यांना आठवत होते त्यांना यात नवल वाटले नसावे. मुख्य म्हणजे, ‘बंद कर’ हे आईला म्हणावे लागेना. ते भोंगा म्हणू लागला. शहरातल्या वीस मजली इमारतीत असा भोंगा कुणी वाजवावा आणि कुणी ऐकावा, हे मला सुचत नाही. वडगावात शेजाऱ्याच्या घरातला आवाज ऐकू येतो, म्हणून तिथे ते जमले.

साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो. पुस्तके मिटतात, आणि घरोघरचे टी. व्ही. सुरू होतात.