बृहत्कथेचा अव्हेर

बृहत्कथेचा अव्हेर हे प्रतिष्ठान (आजचे पैठण) येथील सातवाहन राजाने गुणाढ्याचा सात लक्ष श्लोकांचा अद्भुत कथाग्रंथ नाकारल्याचे पारंपरिक आख्यान आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरातील ‘कथापीठ’ या पहिल्या लंबकात ते येते. एखादा अतिदीर्घ ग्रंथ वाचायला घ्यावा की नाही, या प्रश्नाचे भारतीय साहित्यातील हे ठळक उदाहरण होय.

आख्यान

जलक्रीडेत राणीने ‘मोदकैः’ (मा उदकैः, म्हणजे ‘पाणी मारू नका’) असे म्हणताच संस्कृत न जाणणाऱ्या राजाने मोदक मागवले व तो लज्जित झाला. त्याला सहा वर्षांत व्याकरण शिकवण्याची तयारी गुणाढ्याने दाखवली, तर शर्ववर्म्याने सहा महिन्यांची. हे साधले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, असा पण गुणाढ्याने केला आणि तो हरला. पुढे विंध्यारण्यात राहून त्याने पैशाची भाषेत, शाईअभावी स्वतःच्या रक्ताने, सात वर्षे ग्रंथ लिहिला.

गुणदेव व नंदिदेव या शिष्यांनी तो राजाकडे नेला. राजाने ग्रंथाचे प्रमाण मोठे असल्याचे मान्य केले, पण भाषा नीरस आणि अक्षरे रक्ताची म्हणून तो परत पाठवला. त्याने एखादे पान तरी वाचून पाहिल्याचा उल्लेख आख्यानात नाही. लांबीपेक्षा भाषा आणि बाह्यरूप यांवरच निर्णय झाला, हे येथे लक्षणीय आहे.

गुणाढ्याने मग एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकले. ऐकणारे प्राणी चरणे विसरले. शुष्क मांस खाऊन राजा आजारी पडला, तेव्हा व्याधांकडून कारण कळले. राजा अरण्यात पोहोचेपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. शिष्यांना प्रिय म्हणून राखून ठेवलेली नरवाहनदत्ताची एक लक्ष श्लोकांची कथा तेवढी उरली.

भाषा आणि इतिहास

आख्यानातील राजाची ऐतिहासिक ओळख निश्चित नाही. प्रत्यक्षात सातवाहनांचे शिलालेख प्राकृतात आहेत आणि गाथासप्तशती हा प्राकृत संग्रह त्यांच्यापैकीच हाल राजाच्या नावावर आहे. उलट त्यांचे प्रतिस्पर्धी क्षत्रप संस्कृतकडे झुकलेले दिसतात. नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या पांडवलेणीतील लेख संस्कृतमिश्रित आहे. दमण, तापी यांसह ‘दाहनुका’ नदीवर त्याने विनामूल्य नावांची सोय केल्याची नोंद त्यात असून ही नदी पालघर जिल्ह्यातील डहाणूशी जोडली जाते. संस्कृत न येण्याची लाज सातवाहन राजाच्या माथी मारणारे आख्यान म्हणूनच सावधपणे वाचावे लागते.

उपलब्ध रूपे आणि वाचन

मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. बुधस्वामीचा अपूर्ण बृहत्कथाश्लोकसंग्रह, क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी आणि सोमदेवाचा कथासरित्सागर ही तिची संस्कृत रूपे आहेत. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी केलेला ‘संक्षेप’देखील १८ लंबक, १२४ तरंग आणि एकवीस हजारांहून अधिक श्लोक इतका आहे. सी. एच. टॉनी यांचा इंग्रजी अनुवाद पुढे एन. एम. पेन्झर यांनी टिपांसह दहा खंडांत (१९२४–२८) संपादित केला.

नायक नरवाहनदत्त चौथ्या लंबकात जन्मतो. त्यामुळे केवळ त्याच्या पराक्रमासाठी ग्रंथ उघडणाऱ्याला बराच धीर धरावा लागतो. कथेत कथा गुंफलेली असल्याने सलग वाचताना मूळ धागा वारंवार हरवतो. मात्र याच रचनेमुळे काही भाग स्वतंत्रपणे वाचता येतात. पंचतंत्रातील कथा दहाव्या लंबकात, तर मराठीत वेताळपंचविशी म्हणून परिचित असलेल्या कथा बाराव्या लंबकात आहेत.