पुणे-मुंबईच्या टीमकडे आलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ कधीच बाजारात का आला नाही?

अहिल्यानगरला गेलात तर शहराबाहेर फराहबाग लागते. निजामशाहीच्या काळातला अष्टकोनी महाल, एकेकाळी चारी बाजूंनी पाणी. नाव पर्शियन, बांधणीवर छाप पर्शियन. निजामशाही दरबारात पर्शियातून आलेल्या माणसांची ये-जा असायची. दख्खनचा इतिहास लिहिणारा फिरिश्ता कॅस्पियन समुद्राकाठी जन्मला, पण लहानपणी आला तो नगरलाच.

आता जरा २००३ सालात या. त्या वर्षी आलेल्या एका व्हिडिओ गेमची सुरुवात भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यात होते. पर्शियाचं सैन्य वाडा लुटतं, महाराजाची मुलगी कैद होते. या राजकन्येचं नाव फराह, आणि गेमचं नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’.

नावातलं साम्य हा निव्वळ योगायोग. पण हाच गेम नव्या कन्सोलसाठी पुन्हा बनवायचं काम पुढे नगरपासून जेमतेम १२० किलोमीटरवरच्या पुण्यात आलं, तो काही योगायोग नव्हता. त्या कामाचं पुढे काय झालं आणि जुना गेम नव्या मशीनवर आणणं एवढं अवघड का असतं, तेच बघूया.

आधी हा गेम काय होता ते समजून घ्या

मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ चा. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो ॲपल टू कॉम्प्युटरसाठी बनवला. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये डॉसवर ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून खेळलेल्या पिढीला हा गेम वेगळा सांगायला नको.

२००३ मध्ये युबीसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने मेकनरला सोबत घेऊन त्याचा थ्रीडी अवतार आणला. प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स, गेमक्यूब आणि पीसी अशा सगळीकडे. प्रिन्स भिंतीवरून आडवा पळायचा, पण खरी जादू होती त्याच्या खंजिरात. उडी चुकली, खाली पडून मेलात, तर बटण दाबून वेळ मागे न्यायची.

खेळणाऱ्याला ही गंमत वाटते. बनवणाऱ्यासाठी मात्र प्रत्येक पात्र, प्रत्येक शत्रू, प्रत्येक फुटलेली वस्तू गेल्या काही सेकंदांत कुठे होती, याची नोंद सतत ठेवावी लागते. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी होती ३२ एमबी. आज एवढ्यात मोबाइलमधले दहा-पंधरा फोटोही मावत नाहीत.

पोर्ट, रिमास्टर आणि रिमेक म्हणजे काय?

हे तिन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या वाड्याचं उदाहरण घ्या.

पोर्ट म्हणजे वाड्यातलं सामान जसंच्या तसं नव्या घरात हलवणं. गेम तोच, फक्त नव्या मशीनवर चालेल असा केलेला.

रिमास्टर म्हणजे वाडा तोच, पण रंग नवा, वायरिंग नवं. चित्रं जास्त स्पष्ट होतात, आवाज सुधारतो, खेळ मात्र जुनाच राहतो. ‘सँड्स ऑफ टाइम’ची अशी एचडी आवृत्ती २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ वर आली होती.

रिमेक म्हणजे वाडा उतरवून त्याच नकाशावर नव्याने बांधणं. २००९ चा ॲक्शन रोल-प्लेइंग गेम ‘डेमन्स सोल्स’ २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला तो असाच. खर्च, वेळ आणि धोका, तिन्ही गोष्टी रिमेकमध्ये सगळ्यात जास्त.

जुनी डिस्क टाकली आणि झालं, असं का होत नाही?

पहिलं कारण म्हणजे मशीनची भाषा. प्रत्येक जुन्या कन्सोलचा प्रोसेसर वेगळ्या घडणीचा होता. प्लेस्टेशन २ साठी लिहिलेला कोड प्लेस्टेशन ५ ला थेट कळत नाही. मग एकतर नव्या मशीनमध्ये जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इम्युलेटर लागतो, नाहीतर कोड नव्याने जुळवावा लागतो.

दुसरं कारण वेग. गेममध्ये दर सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं दिसतात. काही गेम्समध्ये आतले हिशोबही या चित्रांच्या वेगाला बांधलेले असतात. ‘डार्क सोल्स २’ या ॲक्शन रोल-प्लेइंग गेममध्ये हेच झालं. पीसीवर गेम ६० च्या वेगाने चालला आणि खेळाडूंची शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायला लागली. दिसायला गेम अधिक गुळगुळीत झाला, पण आतलं गणित बिघडलं. ते २०१५ मध्ये दुरुस्त करावं लागलं.

तिसरं कारण सगळ्यात दुर्दैवी. मूळ सामानच सापडत नाही. ‘किंगडम हार्ट्स’ हा २००२ चा गाजलेला ॲक्शन रोल-प्लेइंग गेम. त्याची एचडी आवृत्ती करायची ठरली तेव्हा कंपनीकडे मूळ डेटाच उरला नव्हता. बाजारात विकलेल्या गेममधून जे निघेल ते काढून बाकीचं नव्याने बनवावं लागलं. खुद्द मेकनरच्या १९८९ च्या गेमचा मूळ कोडही बरीच वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या, म्हणून तो वाचला.

मग पुणे आणि मुंबई यात कुठून आले?

युबीसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ विकत घेतला. २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ उघडला. मोठ्या आंतरराष्ट्रीय गेमचा एखादा भाग करून देणं, तपासणी करणं, ‘जस्ट डान्स’सारख्या मालिकेवर काम करणं, अशी पुण्याची ओळख होती.

१० सप्टेंबर २०२० ला मात्र मोठी बातमी आली. ‘सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक होणार आणि तो पुणे व मुंबईचे स्टुडिओ करणार. एवढ्या नावाजलेल्या गेमची मुख्य जबाबदारी भारतातल्या टीमकडे, हे तोवर सहसा घडलं नव्हतं. प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीसाठी तारीखही जाहीर झाली : २१ जानेवारी २०२१.

गेम उभा राहणार होता अॅन्व्हिल या इंजिनवर. ‘असॅसिन्स क्रीड’ मालिका चालते तेच हे इंजिन. गंमत म्हणजे ‘असॅसिन्स क्रीड’ची सुरुवातच ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा पुढचा भाग म्हणून झाली होती. म्हणजे लेकाच्या घरात बापाला पुन्हा राहायला आणण्यासारखं होतं हे.

आणि गाडी अडली कुठे?

ट्रेलरवर. तो आल्या आल्या सोशल मीडियावर टीका सुरू झाली. चेहरे निर्जीव वाटतात, ग्राफिक्स जुनाट दिसतात असं लोक म्हणू लागले. हे स्वप्नवत रूप मुद्दाम ठेवलंय, असं टीमकडून सांगण्यात आलं, पण लोकांना ते पटलं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये तारीख ढकलून १८ मार्च २०२१ करण्यात आली. फेब्रुवारीत ती तारीखही गेली आणि गेम बेमुदत लांबला. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलकडे, म्हणजे मूळ गेम बनवणाऱ्या स्टुडिओकडे देण्यात आलं.

इथं अनेकांनी भारतीय टीमवर खापर फोडलं. पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. माँट्रियलने जवळपास नव्याने सुरुवात केली. २०२४ मध्ये एक छोटी झलक दाखवून २०२६ सालचा वायदा झाला. आणि २१ जानेवारी २०२६ ला युबीसॉफ्टने सहा गेम बंद केल्याचं जाहीर केलं, त्यात हा रिमेकही होता. हवा तो दर्जा गाठता आला नाही आणि त्यासाठी लागणारा आणखी वेळ व पैसा देणं शक्य नाही, असं कारण कंपनीने दिलं.

पहिली जाहीर तारीख होती २१ जानेवारी २०२१. बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला गेमचा शेवट झाला. ज्यांनी मूळ गेम घडवला, त्या स्टुडिओलाही तो पुन्हा उभा करता आला नाही. त्यामुळे ‘पुण्याच्या पोरांना जमलं नाही’ एवढं म्हणून हा विषय संपवणं बरोबर नाही.

तर यातून नेमकं काय कळतं?

रिमेकची तुलना जुन्या गेमशी होत नाही, ती लोकांच्या आठवणीतल्या गेमशी होते. आठवणीत प्रिन्स नेहमीच देखणा असतो. त्यात तो २०२० च्या बाकीच्या गेम्सइतकाही देखणा हवा होता.

दुसरी गोष्ट, एका गेमवरून इथल्या लोकांचं माप काढता येत नाही. ट्रेलरवर टीका होण्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या टीमचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ निन्टेंडो स्विचवर आला होता. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही त्यांनी तो पूर्ण केला. गेम भारतीय पुराणकथांवरचा, स्वतःच्या कल्पनेतला. त्याला कुणाच्या जुन्या आठवणीशी स्पर्धा करायची नव्हती.

नगर, श्रीरामपूर, संगमनेरमधून इंजिनिअरिंग करून पुण्याची एसटी धरणाऱ्या आणि गेमिंगमध्ये करिअर करू बघणाऱ्या पोरापोरींसाठी या क्षेत्राचा हा नियम महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षं केलेलं काम कधीकधी जगाला दिसतच नाही. पण त्यात शिकलेलं वाया जात नाही.

राहिला मूळ गेम. २००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’ आजही पीसीवर विकत मिळतो आणि चालतो. फराहबाग आणि गेममधली फराह, दोन्ही अजून जागच्या जागी आहेत. एकीकडे बाग राखणारे लोक लागतात, दुसरीकडे जुना कोड जपणारे.