सीरतकथा, सचित्र (बालवाङ्मय)

इस्लामचे प्रेषित मुहम्मद पैगंबर (सु. 570–632) यांच्या चरित्राला ‘सीरत’ म्हणतात. हे चरित्र आणि पैगंबरांनंतर समाजाचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या चार खलिफांचा काळ (632–661) चित्रांच्या आधारे मुलांना सांगणारा हा वाङ्मयप्रकार असून, त्यातील नायक सहसा चित्रात दिसत नाही, ही त्याची मुख्य अडचण आणि तीच त्याची खुबी होय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इस्तंबूलच्या दरबारात सिद्ध झालेल्या ‘सियर-ए-नबी’ या सहा खंडांच्या हस्तलिखितात पैगंबरांची आकृती आहे, पण चेहरा झाकलेला आहे. आजच्या मुलांच्या पुस्तकांत बहुधा तीही नसते. त्यामुळे कथेचा भार वाळवंट, व्यापारी तांडे, काबा आणि खजुरीच्या बागा यांवर पडतो. मक्केहून मदिनेकडे झालेल्या स्थलांतराच्या, म्हणजे हिजरतच्या (622), प्रसंगात पैगंबरांनी आश्रय घेतलेल्या सौर गुहेच्या तोंडावरचे कोळ्याचे जाळे चित्रकाराला हमखास आयते मिळते. मात्र कुराणात गुहेचा उल्लेख असला तरी जाळे परंपरेतून आले आहे, आणि हा भेद मुलांना सांगण्यास काहीच हरकत नसावी. गुलामीतून मुक्त होऊन पहिला मुअज्जिन, म्हणजे अजान देणारा, झालेल्या बिलालची कथा तर चित्रापेक्षा मोठ्याने वाचण्यातच अधिक खुलते.

भारतात दिल्लीच्या गुडवर्ड बुक्स या संस्थेने सानियासनैन खान यांची अशी पुस्तके काढली. मराठीत भर शब्दांवर राहिला: साने गुरुजींनी (1899–1950) ‘इस्लामी संस्कृती’मध्ये पैगंबरांचे चरित्र सोप्या, ओघवत्या भाषेत मांडले. वर्धा जिल्ह्यातील पवनारला आश्रम असलेल्या विनोबांचे ‘कुराण-सार’ (1962) निवडक आयतांचे, म्हणजे कुराणातील वचनांचे, संकलन आहे. ते मुलांसाठी नाही, पण समजावून सांगणाऱ्या शिक्षकाच्या उपयोगाचे आहे. याच जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) यांसारख्या गावांत मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला, मग ते मुस्लिम घरातले असो वा नसो, उर्दू लिपी येत असेलच असे नाही. अशा वाचकासाठी देवनागरीतील पुस्तकाला पर्याय नाही.

खलिफांच्या काळाशी येताच बालकथा घाईत पुढे सरकतात, कारण उमर (644), उस्मान (656) आणि अली (661) या तिघा खलिफांचाही अंत घातपाताने झाला आणि उत्तराधिकाराच्या प्रश्नावर सुन्नी व शिया परंपरांचे कथन वेगळे आहे. अलींचे पुत्र हुसेन यांच्या करबल्यातील हौतात्म्याची (680) गोष्ट मात्र महाराष्ट्रातील मुलांपर्यंत मोहरमच्या ताबुतांमुळे अनेकदा पुस्तकाआधीच पोहोचलेली असते.