पावसाळ्यात गलबत ठेवायचे कोठे? : कोकणच्या एका साध्या प्रश्नाचा इतिहास

१/ मराठ्यांच्या आरमाराविषयी आपण बोलतो तेव्हा लढाया आठवतात, जलदुर्ग आठवतात, तोफा आठवतात. पण वर्षातील सुमारे चार महिने हे आरमार लढतच नसे. जूनपासून नारळी पौर्णिमेच्या आसपासपर्यंत अरबी समुद्र शिडाच्या जहाजांना बंद असे. या काळात ही जहाजे असत कोठे? त्यांची जागा कोण निवडी आणि कोणत्या कसोटीवर? आजचा धागा या प्रश्नावर आहे. त्याचे उत्तर लाकडापाशी सुरू होते आणि राजनीतीपाशी पोहोचते.

२/ आरंभ हरिहरेश्वरापासून करू. श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदी समुद्राला मिळते तेथे हे क्षेत्र वसले आहे. मंदिरामागच्या खडकांवर आषाढातील लाट कशी आदळते, हे पाहिलेल्याला अधिक सांगणे नको. नैर्ऋत्येचा वारा तेथे थेट अंगावर येतो. होडीला उघड्या किनाऱ्यावर थारा नाही. मात्र टोकाला वळसा घालून खाडीत शिरले की चित्र पालटते. उत्तर तीरावर बागमांडला, समोर बाणकोटचा किल्ला आणि मध्ये तुलनेने शांत पाणी. उघडा किनारा आणि आडोशाची खाडी ही जोडी कोकणात जागोजागी आढळते.

३/ लाकडी होडीचे पावसाळ्यातील शत्रू तीन. पहिला शत्रू म्हणजे लाट. दुसरा, लाकूड पोखरणारी समुद्री कीड. दिसायला अळीसारखा असलेला हा प्राणी खरे तर शिंपल्यांच्या कुळातील आहे. तो खाऱ्या पाण्यात बुडालेल्या फळीत शिरतो आणि फळी आतून पोकळ करतो. तिसरा शत्रू ऊन आणि पाऊस यांची जोडी. उन्हाने फळ्या आकसतात, सांधे उघडे पडतात. आत साचलेल्या पावसाच्या पाण्याने लाकूड कुजते. निवाऱ्याची जागा शोधणे म्हणजे या तिघांचा एकाच वेळी बंदोबस्त करणे.

४/ लहान होडीचा बंदोबस्त सोपा होता. उधाणाच्या भरतीला ती किनाऱ्याकडे आणायची, आडव्या ओंडक्यांवरून माणसांनी ओढत भरतीरेषेच्या वर न्यायची आणि नारळीच्या आडोशाला किंवा घराच्या अंगणात ठेवायची. तळ ओल्या जमिनीला टेकू नये म्हणून खाली लाकडाचे ठोकळे. तळाचे बूच काढलेले, म्हणजे आत पाणी साचत नाही. वर झापांचा मांडव, पण बाजू मोकळ्या, कारण कोंदट जागेत लाकूड लवकर कुजते. याच दिवसांत सांध्यांत कापूस ठासायचा आणि तळाला तेल द्यायचे. खाऱ्या पाण्याबाहेर काढलेल्या फळीत कीडही तग धरत नाही. एका कुटुंबाची एक होडी असेल तर प्रश्न येथेच संपतो.

५/ गुराब किंवा मोठे गलबत मात्र अंगणात येत नाही. त्याला खाडी लागते. खाडीतही मुखापाशी नव्हे, आत. कारण पावसाळ्यात नदीच्या गोड्या पाण्याने खाडीचा खारेपणा उतरतो आणि ही कीड गोड्या पाण्यात जगत नाही. तळाशी खडक नको, मऊ गाळ हवा, म्हणजे ओहोटीला जहाज अलगद बसते. पण फार आतही जाऊन चालत नाही. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि तेथला पाऊस महाडजवळ पूर होऊन येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच नदीने महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहून नेला. समुद्रापासून दूर आणि पुराच्या लोंढ्यापासूनही दूर, असा मधला पट्टाच कामाचा.

६/ अशा जागेचा उत्तम नमुना विजयदुर्गजवळ आहे. किल्ल्यापासून काही अंतरावर, वाघोटन खाडीच्या आत, गिर्ये गावाच्या हद्दीत मराठ्यांची गोदी होती. खडक कोरून केलेली ही गोदी सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद आहे. आज ती बरीचशी गाळाने भरली आहे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत आणायचे आणि ओहोटीनंतर कोरड्यात त्याची दुरुस्ती करायची, ही तिची साधी रीत. समुद्रावरून किल्ला दिसे, पण दुरुस्तीला काढलेली जहाजे दिसत नसत.

७/ येथे चौथा शत्रू पुढे येतो : माणूस. शीड उतरवलेले, ओढून ठेवलेले जहाज स्वतःचा बचाव करू शकत नाही. म्हणून पावसाळी निवाऱ्याची निवड ही लष्करी निवड ठरते. जंजिऱ्याच्या सिद्दीला हा प्रश्न फार छळत असे. जंजिरा अजिंक्य होता, पण भोवतालचा समुद्र उघडा आणि समोरच्या मुलखावर शिवाजी महाराजांचा दाब. म्हणून १६७० च्या दशकात मोगलांच्या चाकरीतील सिद्दीचे आरमार पावसाळ्यासाठी मुंबईला, माझगावच्या आडोशाला येऊ लागले.

८/ मुंबईकर इंग्रजांना हा पाहुणा नकोसा होता. पण त्यांचा व्यापार सुरतेत, म्हणजे मोगलांच्या मुलखात होता. सिद्दीला नकार द्यावा तर सुरतेची वखार अडचणीत. आसरा द्यावा तर शिवाजी महाराजांचा रोष. त्यातच आरमाराबरोबर येणारी शेकडो सशस्त्र माणसे पावसाळाभर रिकामी बसत. त्यांच्यापासून बेटावरील लोकांना होणारा जाच इंग्रजांच्या पत्रव्यवहारात दिसतो. जहाजे निवाऱ्याला होती आणि त्या निवाऱ्याची किंमत माझगावकर मोजत होते.

९/ १६७८ च्या पावसाळ्यात महाराजांनी या दुखण्याच्या मुळावर घाव घालायचे ठरवले. दौलतखान आणि दर्यासारंग सुमारे ४,००० माणसांनिशी पनवेलला आले. बेत असा की खाडी ओलांडून माझगावला विसावलेले सिद्दीचे आरमार जाळून टाकायचे. पण ज्या पावसाने सिद्दीला बंदरात अडकवले होते, त्यानेच मराठ्यांचीही वाट अडवली. पलीकडे नेण्यास पुरेशा होड्या नव्हत्या आणि पोर्तुगिजांनी आपल्या हद्दीतून वाट देण्याचे नाकारले. बेत फसला.

१०/ पुढच्याच वर्षी, १६७९ च्या ऑगस्टअखेरीस, समुद्र पुरता निवळण्याआधीच, मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू झाले. खांदेरी मुंबईच्या वाटेवरचे बेट. तेथे मराठ्यांचे ठाणे बसले की मुंबईकडे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर नजर राहणार. खांदेरीचे महत्त्व अनेक कारणांनी सांगितले जाते. त्यांत सिद्दीचा हा मुंबईतील निवारा विसरता येत नाही.

११/ आता रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे वळू. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात पावसाळी छावणीचाही विचार आहे. त्याचा आशय असा : समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधीच आरमार सुरक्षित बंदरात न्यावे, आणि दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, बंदर बदलत जावे. कारण आरमारी लोकांना कितीही शिस्त लावली, तरी त्यांचा उपद्रव मुलखाला होतोच.

१२/ हा विचार थांबून पाहण्याजोगा आहे. पंत येथे लाट, कीड किंवा शत्रू एवढ्यावर थांबत नाहीत. ज्या गावाच्या दारात आरमार उभे राहणार, त्या गावाची चिंता करतात. ते भार वाटून देतात. याच प्रकरणात जहाजांच्या लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे जबरदस्तीने न तोडण्याची ताकीद आहे. रानातील सागासारखे लाकूडही परवानगीनेच घ्यावे, असे सांगितले आहे. दोन्ही नियमांचे सूत्र एकच : आरमार राज्याचे असले, तरी त्याचे ओझे एका घरावर किंवा एका गावावर पडू नये.

१३/ बंदर बदलत राहण्याला दुसरेही कारण होते. ते पुढील पिढीने भोगले. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार तटाखाली एकत्र बांधलेले होते. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली, ती शेजारच्यावर गेली, आणि एका दिवसात आंग्र्यांचे आरमार राख झाले. तो पावसाळा नव्हता, आणि पंतांचा नियमही या धोक्यासाठी लिहिलेला नव्हता. तरीही सारी जहाजे एका ठिकाणी ठेवण्याची किंमत येथे उघड दिसते. बाणकोट तर त्याआधीच, १७५५ मध्ये, आंग्र्यांच्या हातून गेले होते. सावित्रीचे मुख लवकरच इंग्रजांकडे आले.

१४/ आज गुराबा नाहीत, पण प्रश्न संपलेला नाही. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. श्रीवर्धनच्या जीवना बंदरात, भरडखोलला, बागमांडल्याच्या खाडीत होड्या वर ओढल्या जातात. झापांच्या जागी प्लास्टिकचे कापड आले आणि अनेक फळ्यांच्या जागी फायबर. पण ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. पावसाळा अजून रीतसर सुरू व्हायचा होता. श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ज्या झाडांचा आडोसा घ्यायचा, तीच कोसळली. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधी, हा पंतांचा हिशेब आजही जुना झालेला नाही.

१५/ म्हणून कोकणातील एखादी खाडी पाहाल तेव्हा किल्ल्याबरोबर तिचे आतले वळणही पाहा. गाळ कोठे आहे, पुराचे पाणी कोठवर येते, समुद्रावरून काय दिसत नाही, आणि काठाला कोणते गाव आहे? आरमाराचे चार महिने तेथे गेले असतील. त्या गावाने त्यांना काय दिले आणि काय सोसले, ही त्या इतिहासाची अजून पुरती न लिहिलेली बाजू आहे. आपल्या गावच्या खाडीविषयी घरच्या वडीलधाऱ्यांकडून काही ऐकले असेल, तर खाली अवश्य लिहा.