एंजलफिशच्या टाकीला खोली किती हवी?

समुद्री मासे विकणाऱ्या दुकानात जेमतेम तीन इंचांचा, गर्द निळ्या अंगावर पांढरी वलये मिरवणारा एक मासा हौशी ग्राहकाला हमखास भुरळ घालतो. हे एम्परर एंजलफिशचे पिल्लू. प्रौढ एम्परर मात्र निळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांचा असतो. दोन्ही रूपांत एवढा फरक, की १८०१ मध्ये या पिल्लाला निराळी जात समजून निकोबार बेटांच्या नावावरून वेगळे शास्त्रीय नाव देण्यात आले होते. वयाबरोबर रंग पालटतो, तसा आकारही वाढतो. निसर्गात हा मासा ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. घरगुती टाकीतही २५ ते ३० सेंटिमीटर सहज गाठतो आणि नीट सांभाळल्यास पंधरा-वीस वर्षे जगतो. बहुतेकांची फसगत होते ती येथेच. टाकी घेतली जाते ती तीन इंची पिल्लाकडे पाहून.

दुसरा घोटाळा नावामुळे होतो. गोड्या पाण्यातील परिचित ‘एंजल’ हा अमेझॉनच्या खोऱ्यातला, चपटा, उंच आणि पाणवनस्पतींमध्ये संथपणे तरंगणारा मासा आहे. त्याला उंच टाकी मानवते. समुद्री एंजलचे त्याच्याशी नावापलीकडे नाते नाही. हा प्रवाळभिंतीच्या कडेकडेने लांबवर पोहत जाणारा, कपारींत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर येणारा आणि स्पंज व शेवाळ कुरतडत दिवस घालवणारा मासा. समुद्रात तो उथळ पाण्यापासून सुमारे १०० मीटर खोलीपर्यंत आढळतो. त्यावरून ‘खोल पाण्यातला मासा, म्हणून खोल टाकी’ असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा आहे. टाकी दोन फूट खोल असो वा तीन फूट, समुद्राच्या मानाने दोन्ही उथळच. येथे खोलीचा प्रश्न दाबाचा नसून माशाला अंग वळवता येण्याचा आहे.

मोजमापाला सुरुवात करावी ती प्रौढ माशापासून. मोठ्या समुद्री एंजलच्या धडाची उंची त्याच्या लांबीच्या निम्म्याहून थोडी अधिक असते. वरचा व खालचा पर उभारला की ती आणखी वाढते. तीस सेंटिमीटर लांबीचा मासा परांसह साधारण वीस सेंटिमीटर उंचीची जागा व्यापतो असे धरले, तर त्याच्या अंगाच्या दुपटीहून थोडे अधिक, म्हणजे किमान ५० सेंटिमीटर मोकळे पाणी हवे. मोकळे हा शब्द महत्त्वाचा. टाकीच्या तळाशी पाच सेंटिमीटर वाळू आणि काठापाशी पाच सेंटिमीटर मोकळी जागा सोडली, की ६० सेंटिमीटरच्या टाकीत नेमके ५० सेंटिमीटर पाणी उरते. एम्पररसाठी ६० सेंटिमीटर ही खालची मर्यादा मानावी, ती याच हिशेबाने. क्वीन एंजलसारख्या कॅरिबियन समुद्रातील, ४५ सेंटिमीटरपर्यंत वाढणाऱ्या जातींसाठी ७५ सेंटिमीटर बरी. ग्रे एंजल तर ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तो घरच्या टाकीचा मासा नव्हेच.

टाकी बनवायला देताना एक खबरदारी घ्यावी. इंग्रजीत ‘डेप्थ’ हा शब्द पाण्याच्या उंचीसाठी वापरतात, तसाच टाकीच्या पुढून मागे असलेल्या रुंदीसाठीही. फोनवर ‘डेप्थ दोन फूट’ सांगून घरी भलतीच टाकी येण्यापेक्षा लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्ही मापे कागदावर लिहून द्यावीत. रुंदीत तर अजिबात काटकसर करू नये. मासा वळतो तो आडव्या पातळीत. त्यामुळे ३० सेंटिमीटरच्या माशाला ४५ सेंटिमीटर रुंदीच्या टाकीत प्रत्येक फेरीला अंग आक्रसून वळावे लागते. रुंदी माशाच्या लांबीच्या किमान दुप्पट आणि टाकीची लांबी सहा फूट असावी.

मग टाकी थेट तीन फूट उंच का करू नये? कारण काचेवरचा भार. काचेला सोसावा लागणारा एकूण रेटा पाण्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा फूट लांबीच्या समोरच्या काचेवर ६० सेंटिमीटर पाण्याचा रेटा सुमारे ३३० किलो असतो, ७५ सेंटिमीटरला तो ५२० किलोच्या आसपास जातो आणि ९० सेंटिमीटरला ७५० किलोच्या घरात. त्याच हिशेबाने काच जाड घ्यावी लागते, सांधे मजबूत करावे लागतात आणि खर्च भरमसाट वाढतो.

त्याहून गंभीर बाब सदनिकेच्या स्लॅबची. १८० सेंटिमीटर लांब, ७५ रुंद आणि ६० उंच टाकी काठोकाठ भरल्यास ८१० लिटर पाणी मावते. खारे पाणी गोड्या पाण्याहून जड असल्याने त्याचेच वजन ८३० किलो भरते. काच, खडक आणि स्टँड धरून हा आकडा टनाच्या पुढे जातो. निवासी खोल्यांसाठी भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार गृहीत धरला जातो. येथे नुसत्या पाण्याचाच भार चौरस मीटरला ६०० किलोंहून अधिक होतो. टाकी तुळईच्या रेषेत किंवा भिंतीलगत ठेवल्याने फरक पडतो, पण किती, हे सांगण्याचा अधिकार दुकानदाराचा नाही. जुन्या इमारतीत तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय टाकीची आगाऊ रक्कमही देऊ नये.

उंचीबरोबर प्राणवायूचाही प्रश्न येतो. पाण्यात हवा मिसळते ती मुख्यतः पृष्ठभागातून, आणि उंची वाढवल्याने पृष्ठभाग वाढत नाही. त्यात २८ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, तर समुद्राच्या पाण्यात जेमतेम साडेसहा. आपल्याकडील उन्हाळ्यात वीज गेली आणि पंप थांबले की उंच, अरुंद टाकीतील मासा आधी धापा टाकू लागतो. शिवाय तळ साफ करायला हात पोहोचला पाहिजे. पाऊण मीटरच्या टाकीत तळाशी पडलेला मेलेला मासा काढायचा तर खांदा भिजतोच. त्यापुढे शिडी आणि चिमटा आला. जी टाकी साफ करायचा कंटाळा येतो तिचे पाणी बिघडते, आणि मोठ्या एंजलच्या डोक्यावरील व बाजूरेषेवरील त्वचा झिजण्याचा विकार बहुधा अशाच निकृष्ट पाण्यात दिसतो.

खडकांची रचना पाण्याच्या उंचीच्या निम्म्यापर्यंतच ठेवावी, वरचा अर्धा भाग पोहायला मोकळा राहू द्यावा. रात्री शिरता येईल अशी एखादी खोल कपार मात्र हवीच. समुद्रातून प्रवाळाचे तुकडे आणण्याच्या फंदात पडू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या सागरातील प्रवाळांना कडक संरक्षण दिले आहे. मातीचे किंवा सिरॅमिकचे कृत्रिम खडक या माशाला तितकेच चालतात.

ज्यांच्या घरात सहा फुटी टाकीला जागा नाही, त्यांनी एम्पररचा नाद सोडून कोरल ब्यूटीसारख्या बुटक्या एंजलकडे वळावे. हा मासा दहा सेंटिमीटरच्या आसपासच थांबतो आणि ४५ सेंटिमीटर उंचीच्या, चार फुटी टाकीत मजेत राहतो.